फुसारी ऑलिंपिकला गेले नाहीत

५ जानेवारी, रविवार

शुभाताईने ऑफिसातून ही डायरी आणून दिली. प्रत्येक पानाखाली आम्लपित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. म्हणाली, लवू, चोवीसचा झालास, पाच नोकऱ्या करून झाल्या, दिवसभर कुठे असतोस ते आम्हाला नको सांगूस, पण निदान स्वतःला तरी सांग. म्हणून लिहितोय. किती दिवस लिहीन ठाऊक नाही. बारावीनंतर मी मन लावून काही लिहिलं असेल तर तो कॉलेज सोडल्याचा अर्ज.

पाचवी नोकरी काल गेली. सोडली नाही, गेली. फरक आहे.

किराणा पोचवायचं काम होतं. ताईची स्कूटर, कंपनीची पिशवी. पवईच्या एका टॉवरमध्ये दूध-अंडी द्यायची होती, दहा मिनिटांत. टॉवरच्या मागे पार्किंगमध्ये एक पिकल्या केसांचा गोरा माणूस भिंतीवर बास्केटबॉल फेकत होता आणि वॉचमन त्याला सोसायटीचे नियम ऐकवत होता. मी जरा थांबलो. गोरा भिंतीकडे बघतच नव्हता. बघत होता वॉचमनकडे, मान डोलवत होता, आणि बॉल मात्र दर वेळी भिंतीवरच्या एकाच पोपडा उडालेल्या जागी आपटून त्याच्या हातात परत येत होता. मी मोजले. एकतीस वेळा. बत्तिसाव्याला वॉचमनने बॉल मधेच धरला.

मी म्हटलं, चलो, हमारे यहाँ ग्राउंड है. त्यातलं 'ग्राउंड' त्याला कळलं. स्कूटरवर मागे बसला, मांडीवर दूध-अंड्यांची पिशवी. विक्रोळीला कन्नमवार नगरात पोचलो तेव्हा अंडी शाबूत होती. ऑर्डरला मात्र पावणेदोन तास झाले होते.

काशीरामकाका कोर्टवर झाडू मारत होते. हे आमच्या नवप्रभात क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातली पाळी संपवून त्यांनी आणि त्यांच्या दोस्तांनी स्वतः सिमेंट कालवून हे कोर्ट केलं. मंडळाच्या प्रत्येक कागदावर त्यांच्या नावाखाली 'माजी राष्ट्रीय खेळाडू' असं छापलेलं असतं, पण त्याबद्दल कुणी विचारलं की काका लगेच काहीतरी काम काढतात. इतका विनय हल्ली बघायला मिळत नाही.

गोऱ्याने नाव सांगितलं, रेनातो फुसारी. इटलीचा.

"फुसारी?" काका म्हणाले. "म्हणजे कणकवलीकडचो काय?"

१२ जानेवारी

आता तो गोरा राहिला नाही, मंडळात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरींनी त्याचा सर केलाय. म्हणजे मीही 'ते' म्हणायला हवं. फुसारीसर. वय त्रेपन्न. बायको पवईच्या इंजिनियरिंगच्या संस्थेत दोन वर्षांसाठी आलीय, पाण्यावर काहीतरी संशोधन करते. सर घरी स्वयंपाक करतात आणि कंटाळतात. रोज चार वाजता रिक्षाने येतात.

ते पॉइंट गार्ड होते. मला वाटायचं बास्केटबॉलमध्ये सगळे सारखेच पळतात. तसं नाही. पॉइंट गार्ड खालून बॉल घेऊन वर येतो, कुणी कुठे जायचं ते ठरवतो, आणि बरोबर वेळेला बरोबर हातात बॉल देतो. बास्केट मारतो दुसराच. टाळ्या त्या दुसऱ्याला.

अक्षता म्हणाली, "म्हणजे आई. सगळ्यांना वाढायचं, आपण शेवटी बसायचं." अक्षता पोरींच्या टीमची कॅप्टन, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली. तिच्याशी बोलताना मी शक्यतो एक पाय स्कूटरवर ठेवून उभा राहतो. तिचं म्हणणं मी सरांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. 'मदर' आणि 'लास्ट ईटिंग' एवढं जमलं. सर इतके हसले की खाली बसले. म्हणाले, हे मला एकोणीस वर्षांत एकाही पेपरवाल्याला समजावता आलं नाही.

१९ जानेवारी

आज सरांनी त्यांची सगळी कारकीर्द सांगितली. कोर्टच्या कठड्यावर बसून, वडापाव खात. त्यांचं इंग्रजी अर्धं, माझं पाव, उरलेलं मोबाइलवर.

वडील न्हावी. उंची पाच फूट नऊ, म्हणजे आमच्या प्रांजलपेक्षा एक इंच कमीच. (प्रांजल आमची सगळ्यात उंच पोर. तिच्या हातातून बॉल साबणासारखा सटकतो.) सतराव्या वर्षी खेळायला लागले, छत्तिसाव्या वर्षी थांबले. सहा क्लब, सगळे छोट्या गावांचे, सगळा खेळ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. एक वर्ष तेवढं पहिल्या डिव्हिजनमध्ये होते, त्यातला बराचसा वेळ बाकावर. एकूण सहाशे बारा मॅचेस. पेपरात बास्केट मारणाऱ्यांची नावं यायची, म्हणून त्यांची आई प्रेक्षकांत बसून कॅलेंडरच्या पानावर खुणा करायची. मुलाने दिलेल्या ज्या पासवर बास्केट झाली त्याची एक खूण. आई गेली. कॅलेंडरची पानं एका खोक्यात आहेत. तीन हजार दोनशे सहा खुणा. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा. शेवटच्या मॅचला चाळीस माणसं होती आणि चार मिनिटं बाकी असताना पाच फाउल झाले म्हणून सरांना बाहेर काढलं. मी म्हटलं, ही काय शेवट करायची पद्धत. ते म्हणाले, पाचवा फाउल खरंच माझा होता.

मधे कधीतरी ऑलिंपिकचंही निघालं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना देशाच्या शिबिराला बोलावलं होतं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या लिफ्टच्या दारावर बारा नावांची यादी चिकटवली होती. त्यात हे नव्हते. निळा ट्रॅकसूट काढून, घडी घालून, परत द्यावा लागला. इथपर्यंत मी नीट ऐकलं. मग समोरच्या नव्या टॉवरवर क्रेनच्या हुकात पाण्याची टाकी अडकली, ती कशी सोडवतात ते बघण्यात माझं लक्ष गेलं. सर बराच वेळ बोलत होते, कुणा दानिलोबद्दल. मित्र असावा. टाकी वीस मिनिटांनी सुटली.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मंडळाची सभा. दोन मार्चला आपली स्पर्धा, मुलुंड, घाटकोपर, दहिसरपासून टीमा येणार. चंद्रप्रकाशभाऊ आले होते. आपल्या भागातल्या चार बिल्डिंगांचा पुनर्विकास त्यांच्याकडे आहे आणि पुढच्या निवडणुकीला ते उभे राहणार हे त्यांनी सोडून सगळ्यांनी सांगून झालंय. भाऊ म्हणाले, मंडळाला बास्केटचे दोन नवे बोर्ड देतो. काचेचे, चाकांवरचे, कायमचे. आपले जुने लोखंडी खांब इतके गंजलेत की अक्षताने रिंगला हात लावला तर तिला इंजेक्शन घ्यावं लागतं. पोरी खिडकीबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

पण भाऊंचं म्हणणं, फीत कापायला नाव असलेला माणूस हवा. काकांनी सरांचं सांगितलं. भाऊंनी विचारलं, "सेकंड डिव्हिजन म्हणजे काय? दुसरा नंबर?" काकांनी माझ्याकडे बघितलं. तू त्यांका ओळखतंस, परिचय तूच लिही.

आता परिचय कसा लिहितात ते मला माहीत आहे. लहानपणापासून ऐकतोय. गेल्या वर्षीचे पाहुणे 'आंतरराष्ट्रीय पंच' होते, ते एकदा नेपाळला सहलीला गेले होते. त्याच्या आधीच्या वर्षीचे 'शरीरसौष्ठव सम्राट', त्यांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. परिचय वाढवूनच लिहायचा असतो. साधा लिहिला तर पाहुण्यांचा अपमान केल्यासारखं दिसतं. मी तिथेच कागद घेतला, अकरा दिवसांचं जरा पुढे ओढलं, आणि लिहिलं, 'इटलीचे ऑलिंपिकवीर'.

भाऊ उभे राहिले. टाळ्या. माझ्या लिहिण्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या. काकांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि सही केली. इथे चष्म्यावर धूळ फार बसते.

११ फेब्रुवारी

फ्लेक्स लागला. हायवेच्या बसस्टॉपवर, दोन मजली. भाऊ मोठे, सर त्याहून थोडे लहान, काका पासपोर्ट साइज. 'ऑलिंपिकवीर मा. श्री. रेनातो फुसारी यांचे हार्दिक स्वागत.'

सरांना दाखवायला घेऊन गेलो. बराच वेळ बघत राहिले. अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. म्हणाले, हात माझे नाहीत. खरंच, फ्लेक्सवाल्याने नमस्काराचे हात दुसऱ्याच कुणाचे लावलेत, घड्याळासकट. सरांनी स्वतःची करंगळी दाखवली, दोनदा मोडलेली, बाहेर वळलेली. मग म्हणाले, चेहरा तरी माझा आहे, आणि मला बाजूला उभं करून फोटो काढायला लावला. इटलीतल्या जुन्या खेळाडूंचा ग्रुप आहे, तिथे पाठवला. म्हणाले, एवढा मोठा मी कधीच कुठे लागलो नव्हतो.

छान वाटलं.

१३ फेब्रुवारी

दहिसरला निमंत्रणपत्रिका द्यायला गेलो. नदीवर एक माणूस म्हैस धूत होता, तिला पाण्यातून बाहेरच यायचं नव्हतं. दोन पत्रिका राहिल्या.

१६ फेब्रुवारी

आज जुने खांब कापले. गॅस कटरवाला आला होता, दोन तासांत काम फत्ते. पोरींनी सेल्फी काढले. भंगारवाला हातगाडी घेऊन आधीच उभा. नवे बोर्डही आले, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर लाल फीत बांधून ठेवलेत. उद्घाटनाशिवाय हात लावायचा नाही असं भाऊंच्या माणसाने सांगितलं. तोवर पोरींचा सराव शाळेच्या मैदानात.

काका खांब कापायला आले नाहीत. ताप आहे म्हणे. येताना ते कठड्यावर एकटेच बसलेले दिसले. ताप उतरला असावा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायचं नव्हतं.

सर आज शाळेत न जाता थेट आमच्या बिल्डिंगखाली आले. मला खाली बोलावलं. मोबाइल पुढे धरला. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फ्लेक्सवरच्या अक्षरांचं मशीनने भाषांतर करून टाकलं होतं. त्यांनी विचारलं, कोणी लिहिलं. मी म्हटलं, मंडळाने. ते बघत राहिले, त्या वॉचमनकडे बघत होते तसे, शांत. मग मी म्हटलं, मी.

वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय आहे.

"यादीत बारा जागा होत्या," ते म्हणाले. "माझ्या जागेवर दानिलो गेला. शिबिरात आम्ही एकाच खोलीत. चार वर्षांपूर्वी तो वारला. तू त्याचा शर्ट काढून मला घातलास, आणि हायवेवर उभं केलंस."

ग्रुपवर दानिलोची बायकोही आहे. तिने एकच ओळ लिहिली होती, अभिनंदन रेनातो. तिच्यानंतर कुणीच काही लिहिलेलं नाही.

मी सांगत राहिलो की आमच्याकडे असंच करतात, सगळ्यांचंच वाढवतात, यात तुमचा मानच केला. बोर्डांचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "माझी कारकीर्द लहान आहे, लवू. पण ती माझी आहे. कमी वाटत असेल तर वाचू नकोस. माझ्या नावावर दुसऱ्याची वाचायची नाही."

स्पर्धेला ते येणार. पण खरं सांगितल्याशिवाय स्टेजवर चढणार नाहीत. आणि सांगायचं मी, कारण लिहिलं मी.

२३ फेब्रुवारी

काकांकडे गेलो. ते चहा घेत होते. सगळं ऐकून बशीतला चहा तसाच धरून बसले. मग म्हणाले, "खांब गेले, बोर्ड इले. आता तोंड उघडलंस तर पोरींका काय उरतला? स्पर्धा होवून जाव दे, मगे बघू." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

अक्षताला सांगितलं. मला वाटलं होतं ती तरी माझ्या बाजूने असेल, खरं बोलायची तिला भारी हौस. ती बॉलची हवा तपासत होती.

"तुला खरं बोलायचंय ना, तुझ्या जिवावर बोल. आमच्या बोर्डांवर नको."

"मग सरांचं काय?"

"सरांचं मला कळतं रे. म्हणून तर तुझा राग येतोय. तू एक शब्द लिहिलास आणि आता त्यांचं नाव राहणार किंवा आमचे बोर्ड. दोन्ही ठेवून दाखव."

मला दाखवता येत नाही. आज तीनदा कागद घेतला. 'ऑलिंपिक शिबिरवीर' असा काहीतरी मधला शब्द निघतो का बघितलं. निघत नाही. निघाला तरी सरांची करंगळी डोळ्यापुढे येते.

२७ फेब्रुवारी

नितेशचा फोन. शाळेतला मित्र, गोव्यात एका हॉटेलात असतो. तिथे माणूस हवाय, राहणं-जेवण त्यांचं, लगेच ये. असे फोन मला नेमके वेळेवर येतात. दुपारी पिशवी भरली. आईला म्हटलं, चार दिवसांत येतो. ताई ऑफिसात होती.

गोव्याची बस आमच्या स्टॉपवर थांबते, फ्लेक्सच्या बरोबर खाली. ऊन होतं म्हणून त्याच्याच सावलीत उभा राहिलो. एक बाई नातवाला फ्लेक्स वाचून दाखवत होती. "बघ, ऑलिंपिकला जाऊन आलेत हे. आपल्या ग्राउंडवर येणार." पोरगं म्हणालं, आपण बघायला जाऊया ना. ती हो म्हणाली.

बस आली. क्लीनरने दार उघडून विचारलं, पणजी? मी तसाच उभा. त्याने दोनदा विचारलं आणि दार लावलं.

पाच नोकऱ्या, एक कॉलेज, दोन कोर्स. सगळीकडून मी निघून गेलोय आणि माझ्यामागे तिथे काय झालं ते मला कधीच कळलेलं नाही. आज पहिल्यांदा कळलं असतं. दोन मजली अक्षरांत लिहून ठेवलं होतं ना मी.

१ मार्च

काकांना सांगून टाकलं, उद्या परिचय मी माझा वाचणार. थांबवायचं असेल तर माझ्याकडून माइक काढून घ्या. काकांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा मागितला आणि पेन घेऊन बसले. ऐंशी प्रमाणपत्रं. प्रत्येकावर त्यांच्या सहीखालची 'माजी राष्ट्रीय खेळाडू' ही ओळ पट्टी धरून खोडली. मी विचारलं तर म्हणाले, छपाईतली चूक. मला तर छपाई बरी वाटली होती. म्हाताऱ्या माणसांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी काहीतरी काम लागतं हेच खरं.

२ मार्च, रविवार

हात दुखतोय, तरी सगळं लिहिणार.

सकाळी नऊला ग्राउंड भरलं. चारशे माणसं असतील. स्टेज भाऊंचं, मांडव भाऊंचा, स्पीकर भाऊंचे, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा भाऊ. बोर्ड प्लास्टिकमध्ये, लाल फीत. सर पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, बायकोसोबत. भाऊंच्या माणसाने त्यांना दोनदा स्टेजवर बोलावलं. त्यांनी हात हलवला, इथेच बरा आहे.

माझं नाव पुकारलं. माइकवर गेलो. अक्षता टीमच्या रांगेत पुढे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बोर्डांकडे बघत होती.

मी वाचलं ते इथे उतरवून ठेवतो, कारण कागद नंतर कुणीतरी फाडला.

"रेनातो फुसारी. इटलीत एकोणीस वर्षं खेळले, एक वर्ष सोडून सगळी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. सहाशे बारा मॅचेस. तीन हजार दोनशे सहा पास असे दिले की पुढच्याने बास्केट मारली. देशाच्या शिबिरात अकरा दिवस होते. ऑलिंपिकला गेले नाहीत. त्यांच्या जागी जे गेले त्यांचं नाव दानिलो. फ्लेक्सवर खोटं लिहिलंय. ते मी लिहिलं, लवूने. फुसारीसरांना ते माहीत नव्हतं. त्यांची खरी कारकीर्द मी आत्ता वाचली ती. ज्यांना ती कमी वाटली त्यांनी एक मॅच तरी खेळून दाखवावी."

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते आपोआप आलं.

मागून कुणीतरी हसलं. भाऊ हसतच उठले, माझ्या हातातून माइक घेतला, फार गोड बोलले. म्हणाले, मुलगा प्रामाणिक आहे, आनंद आहे. आम्ही बोर्ड ऑलिंपिकवीराच्या हस्ते देणार होतो. ऑलिंपिकवीर मिळाले की देऊ. मग माइक खाली ठेवून आपल्या माणसांना म्हणाले, "सामान भरा."

चाकांवरचे बोर्ड. ढकलले की निघाले. प्लास्टिक, फीत, सगळ्यासकट चारशे माणसांच्या मधून गेटबाहेर, टेम्पोत. त्यामागे स्पीकर. त्यामागे पाण्याच्या बाटल्या. पंधरा मिनिटांत कोर्टवर उरलं काय, तर कापलेल्या खांबांचे दोन लोखंडी बुंधे, जमिनीबरोबर.

अक्षता माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचीही तिची तयारी नव्हती. "झालं समाधान?" म्हणाली. समाधान नव्हतं झालं. पण परत सांगितलं असतं तर परत तेच वाचलं असतं, आणि हे मी तिला सांगू शकत नव्हतो.

मुलुंडचे कोच बॅगा उचलायला लागले. बास्केट नाही तर बास्केटबॉल काय खेळणार, त्यांचंही बरोबर. तेवढ्यात सर खुर्चीवरून उठले. डावा पाय ओढत कोर्टच्या मधोमध गेले. माझ्याकडे हात केला, सांग यांना. ते बोलत गेले, मी ओरडून सांगत गेलो, माइक गेलाच होता.

बास्केट लागत नाही. पाच विरुद्ध पाच. बॉल आपटायचा नाही, घेऊन पळायचं नाही, फक्त पास. समोरच्या टीमला हात लावू न देता लागोपाठ दहा पास झाले की एक पॉइंट. मधे कुणी बॉल घेतला तर त्यांचे पहिल्यापासून सुरू. सात पॉइंट आधी करील ती टीम जिंकली.

मुलुंडचे कोच म्हणाले, हा सराव झाला, ही मॅच नव्हे. स्पर्धेच्या नियमात कुठे लिहिलंय.

काकांनी शिट्टी मारली. एवढी लांब शिट्टी मी त्यांच्याकडून ऐकलेली नाही. "ज्यांका खेळूचा आसा त्यांनी थांबा. बाकीच्यांनी चाय पिऊन जावा. नियम मी लिवन देतंय."

कुणी गेलं नाही. मुलुंडवाल्यांनी बॅगा खाली ठेवल्या.

पहिली मॅच कुणालाच कळली नाही. दुसऱ्या मॅचपासून लोक मोजायला लागले. आधी पुढच्या रांगेतल्या बायका, मग मागचे, मग कठड्यावर चढलेली पोरं. एक, दोन, तीन. सातपर्यंत गेलं की आवाज वाढायचा, आठला लोक उभे राहायचे, नववा हुकला की सगळ्या ग्राउंडचा श्वास सुटायचा. स्पीकर असते तर एवढा आवाज झाला नसता. हायवेवर बाइकवाले थांबून बघायला लागले. भाऊंचा टेम्पो गेटपाशीच अडकला होता, समोर माणसं, मागे माणसं. त्याचा ड्रायव्हर टपावर बसून मोजत होता, सगळ्यात मोठ्याने.

मी टेबलावर गुण लिहीत होतो. दुसऱ्या कुणाला नियम नीट कळलेच नव्हते.

दुपारी तीनला फायनल, आपण आणि मुलुंड. सहा-सहा. ऊन असं की कोर्टवर उभं राहवत नव्हतं. बॉल अक्षताकडे आणि लोक सहा म्हणत होते. सात. तिथून तिसऱ्या पोरीकडे. आठ. अक्षताच्या अंगावर मुलुंडच्या दोघी आल्या. नऊ झाले तेव्हा बॉल परत तिच्याच हातात, आणि एकच पोर मोकळी होती. प्रांजल. सगळ्या ग्राउंडला माहीत होतं प्रांजलच्या हातात बॉल राहत नाही. मुलुंडलाही माहीत होतं, म्हणून तर तिला मोकळी सोडली होती. आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, तिला नको.

अक्षता प्रांजलकडे बघतच नव्हती. ती बघत होती सरळ समोर, त्या दोघींच्या डोळ्यांत. बॉल तिच्या कमरेमागून गेला, आणि जिथे प्रांजलचे हात होते बरोबर तिथे, छातीशी, गेला. प्रांजलने तो दोन्ही हातांनी असा आवळून धरला की शिट्टी झाल्यावरही सोडेना. दहा हे कुणी म्हटलं ते कळलं नाही, सगळ्यांनीच म्हटलं.

सरांच्या बायकोने त्यांचा हात धरला होता.

चहाच्या वेळी भाऊंचा माणूस टेबलापाशी आला. म्हणाला, भाऊंनी विचारलंय किती झाले. मग जरा वाकून म्हणाला, मंडळाच्या पोरी आहेत, फोटोखाली बातमीत दहा-बारा लिहून देऊ, बरं दिसेल, भाऊंचाही राग जाईल. अक्षता मागे उभी राहून पाणी पीत होती. मी तिच्याकडे वळलोच नाही.

मी कागद त्याच्याकडे फिरवला. सात. मुलुंड सहा. म्हटलं, सातच झाले.